शैक्षणिक तंत्रविद्या व कार्यमान-सुधारणा : डॉक्टर पदवी-संशोधनाचा इतिहास

काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला ते काम अधिक चांगले करता यावे, यासाठी अध्यापनाची साधने, पद्धती व कार्यस्थळाची परिस्थिती यांचा एकत्रित अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे शैक्षणिक तंत्रविद्या व कार्यमान-सुधारणा होय. ‘कार्यमान’ म्हणजे केवळ श्रम नव्हेत व केवळ ज्ञानही नव्हे. केलेल्या कामातून हाती येणारी, मोजता येण्याजोगी फलनिष्पत्ती असा या संज्ञेचा अर्थ आहे. या शाखेत डॉक्टर पदवीसाठी (विद्यावाचस्पती किंवा पीएच्. डी.) केल्या जाणाऱ्या संशोधनाचा उगम, त्याची भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल आणि खानदेशासारख्या, विशेषतः जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या, ग्रामीण परिसराशी त्याचा येणारा संबंध यांचे विवेचन येथे केले आहे.

संज्ञा व व्याप्ती : शैक्षणिक तंत्रविद्या या संज्ञेचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिल्या अर्थाने तीत फळा, चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, संगणक इ. साधनांचा समावेश होतो. दुसऱ्या व अधिक व्यापक अर्थाने अध्ययनाची उद्दिष्टे ठरविणे, आशयाची मांडणी करणे, त्याचे अध्यापन करणे व फलिताचे मूल्यमापन करणे या संपूर्ण प्रक्रियेची पद्धतशीर रचना असा तिचा अर्थ होतो. कार्यमान-सुधारणेत याही पुढे जाऊन, काम अपेक्षेप्रमाणे होत नाही याचे कारण अज्ञान आहे की अन्य काही, हा प्रश्न आधी विचारला जातो. या एका प्रश्नाने ही शाखा सामान्य प्रशिक्षणापासून वेगळी ठरते. त्याचे उत्तर चुकल्यास ज्याचा दोष नाही अशा कामगाराच्या माथी दोष येतो आणि प्रशिक्षणावरील खर्चही वाया जातो.

पाश्चात्त्य देशांतील उगम : पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जहाजबांधणीच्या कारखान्यांना थोड्या अवधीत हजारो कुशल कामगार हवे होते. त्या वेळी चार्ल्स ॲलन याने पूर्वतयारी, सादरीकरण, प्रत्यक्ष उपयोजन व परीक्षण अशी चार पायऱ्यांची शिक्षणपद्धती रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात (१९४०–४५) याच पद्धतीच्या आधारे उद्योगांतर्गत प्रशिक्षणाची राष्ट्रव्यापी योजना तेथे राबविण्यात आली. कारखान्यातील पर्यवेक्षकाला काम शिकविण्याची, कामाची रीत सुधारण्याची व सहकाऱ्यांशी वागण्याची रीत थोड्या तासांच्या वर्गांतून शिकविणे, हे तिचे स्वरूप होते. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत ती आशियातील देशांत, भारतातही, आली.

या व्यावहारिक प्रवाहाला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेला दुसरा प्रवाह मिळाला. ओहायओ राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी याने १९२० नंतरच्या दशकात स्वयंचलित चाचणी-यंत्र तयार केले होते. १९५४ मध्ये बी. एफ्. स्किनर याने अध्ययनाचे शास्त्र व अध्यापनाची कला यांवरील निबंधात आशयाचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याला त्याच्या उत्तराची शहानिशा तात्काळ करून देण्याचे तत्त्व मांडले. त्यातून क्रमान्वित अध्ययनाची चळवळ निर्माण झाली. तिच्या प्रसारासाठी १९६२ मध्ये अमेरिकेत एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे अभ्यासक्षेत्र पाठांच्या रचनेकडून कार्यमानाकडे सरकत गेले व १९९५ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय कार्यमान-सुधारणा संस्था असे नाव घेतले. एका संस्थेच्या नामांतरातून या ज्ञानशाखेचा सारा प्रवास दिसून येतो.

डॉक्टर पदवीच्या प्रबंधांचे या शाखेतील स्थान आरंभापासून महत्त्वाचे आहे. डॉनल्ड कर्कपॅट्रिक याने विस्कॉन्सिन विद्यापीठात १९५४ मध्ये पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनावर प्रबंध पूर्ण केला. त्यातील विचार त्याने १९५९ पासून लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध केले. प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, त्यांनी संपादन केलेले ज्ञान, कामावरील वर्तनात झालेला बदल व संस्थेला मिळालेले फल अशा चार पातळ्यांवर मूल्यमापन व्हावे, असे त्याचे प्रतिपादन होते. वर्ग आवडला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे आणि शिक्षण झाले म्हणजे काम सुधारले असेही नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. टॉमस गिल्बर्ट याने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कार्यमानावर परिणाम करणाऱ्या घटकांचे सहा गट पाडले. माहिती, साधने व मोबदला हे तीन परिस्थितीशी संबंधित, तर ज्ञान, क्षमता व प्रेरणा हे तीन व्यक्तीशी संबंधित होत. परिस्थितीतील उणिवा आधी दूर कराव्यात, कारण त्या दूर करणे बहुधा स्वस्त व अधिक परिणामकारक असते, असे त्याचे मत होते.

भारतातील पूर्वपीठिका : कामासाठी शिक्षण व तेही स्वभाषेतून, हा विचार भारतात नवा नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये बडोदे येथे स्थापन केलेल्या कलाभवनात तांत्रिक विषय मातृभाषेतून शिकविण्यावर भर होता. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्था निघाली. महाराष्ट्रातील खाजगी उद्योगांत किर्लोस्करवाडीचे (स्थापना १९१०) उदाहरण उल्लेखनीय आहे. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेले किर्लोस्कर खबर हे नियतकालिक मुळात कारखान्याचे मुखपत्र होते. कारखाना, त्यातील कामगार व ग्राहक यांना जोडणारे मराठी माध्यम म्हणून या विषयाच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू केली आणि बेव्हिन योजनेखाली भारतीय तरुण कारागिरांना इंग्लंडमधील कारखान्यांत शिक्षणासाठी पाठविले.

स्वातंत्र्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था (१९५० पासून), राष्ट्रीय उत्पादकता परिषद (१९५८) व शिकाऊ उमेदवारी अधिनियम (१९६१) यांमुळे कामगार-प्रशिक्षणाला संस्थात्मक पाया मिळाला. मुंबईतील पवई येथे १९६३ मध्ये राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर मुंबईच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत करण्यात आले. प्रशिक्षण हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशांची भारतीय प्रशिक्षण व विकास संस्था १९७० मध्ये निघाली. या सर्व संस्थांचा रोख उद्योगाकडे होता.

शिक्षणशास्त्राची वाट मात्र निराळी राहिली. मुंबई विद्यापीठात १९४० नंतरच्या दशकात शिक्षणशास्त्रातील पीएच्. डी. संशोधनास आरंभ झाला, तरी त्याचे विषय प्रामुख्याने शाळा, शिक्षक व परीक्षा हेच होते. जयंत पांडुरंग नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या व १९७६ मध्ये पुण्यास हलविलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने, पुढे चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली, शाळेबाहेरील मुले व प्रौढ यांच्या अनौपचारिक शिक्षणाकडे संशोधनाचा मोर्चा वळविला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्रात १९६० नंतर क्रमान्वित अध्ययनावर प्रबंध होऊ लागले. त्याच केंद्रातील एम्. बी. बूच यांनी संपादिलेल्या भारतीय शिक्षण-संशोधनाच्या सर्वेक्षणाचा पहिला खंड १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या विषयावर संशोधन झाले आहे व कोणते क्षेत्र मोकळे आहे, हे संशोधकांना प्रथमच एकत्रित स्वरूपात पाहता आले.

शिक्षण आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. तथापि दूरच्या खेड्यापर्यंत शिक्षण पोहोचविण्याच्या तंत्राविषयी जी अपेक्षा त्यातून निर्माण झाली, तिचा परिणाम येथील संशोधनावरही झाला. नासिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नोकरी वा शेती न सोडता शिकणारा प्रौढ, हा या विद्यापीठाचा मुख्य विद्यार्थी होय. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रविद्येचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला व तेथे या विषयात पीएच्. डी. करण्याची सोय झाली. अभियांत्रिकी व विज्ञान यांच्या अध्यापनातील प्रश्नांवर तेथील संशोधनाचा विशेष भर आहे.

खानदेशातील परिस्थिती : १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, ते पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. पदवी-परीक्षांच्या दृष्टीने हा प्रदेश प्रथम मुंबई विद्यापीठाच्या, १९४९ पासून पुणे विद्यापीठाच्या व १५ ऑगस्ट १९९० पासून जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत आला. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेत न गेलेल्या, परंतु शेतातील व घरातील श्रमांच्या सूक्ष्म निरीक्षणातून काव्य निर्माण करणाऱ्या स्त्रीचे नाव विद्यापीठास असावे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

खानदेशात उच्च ज्ञानाची परंपरा विद्यापीठाहून जुनी आहे. अमळनेर येथे १९१६ मध्ये प्रतापशेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय व जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ मधील होत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. विप्रो या नावाने ती पुढे संगणकक्षेत्रात शिरली आणि विज्ञान पदवीधरांना नोकरीत ठेवून उच्च पदवीपर्यंत नेणारी योजना तिने विद्यापीठांच्या सहकार्याने चालविली. एकाच गावात तत्त्वचिंतनाचे केंद्र आणि उद्योग असूनही त्यांची ज्ञानक्षेत्रे परस्परांपासून दूर राहिली.

प्रशिक्षणाची मोठी कार्यस्थळे मात्र या प्रदेशात पूर्वीपासून आहेत. भुसावळ येथे मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. गाडीच्या सुरक्षिततेशी ज्यांचा संबंध येतो, अशा कर्मचाऱ्यांना ठराविक काळाने उजळणीचे शिक्षण घ्यावेच लागते. भुसावळ व वरणगाव येथील संरक्षणसामग्रीचे कारखाने आणि दीपनगरचे औष्णिक विद्युत् केंद्र ही अशीच इतर कार्यस्थळे होत. अशा ठिकाणी एका चुकीची किंमत जीविताने मोजावी लागते, म्हणून तेथील प्रशिक्षणाचे मूल्यमापन हा केवळ विद्वत्तेचा विषय उरत नाही.

शेती हे तर खानदेशातील सर्वांत मोठे कार्यस्थळ होय. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत हा प्रदेश येतो. रावेर तालुक्यातील पाल येथे व धुळे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. कृषी विद्यापीठांतील विस्तार शिक्षण विभागांनी अनेक दशके जे संशोधन केले, ते नाव वेगळे असले तरी वस्तुतः कार्यमान-सुधारणेचेच संशोधन आहे. शेतकऱ्याला शिफारस किती माहीत आहे, तिचा अवलंब त्याने किती केला व या दोहोंतील अंतराची कारणे कोणती, ही या प्रबंधांची ठरलेली मांडणी असते. भांडवलाची टंचाई, मजुरांची टंचाई, निविष्ठा वेळेवर न मिळणे इ. कारणे त्यांत वारंवार आढळतात. गिल्बर्टच्या विश्लेषणातील परिस्थितिविषयक घटक ते हेच होत.

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांत रूढ झालेल्या ठिबक सिंचनाच्या उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. भवरलाल जैन यांनी जळगाव येथे उभारलेल्या उद्योगामुळे या तंत्राचा व ऊतिसंवर्धित केळी-रोपांचा प्रसार झाला व शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. ठिबक संच चांगला चालण्यासाठी गाळणी वेळोवेळी धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ बाहेर सोडणे आणि क्षार साचल्यास आम्ल-प्रक्रिया करणे आवश्यक असते. एखाद्या शेतात तोट्या बुजलेल्या आढळल्या, तर शेतकऱ्याला पुन्हा वर्गात बसविण्याचा मोह होतो. परंतु शेतीपंपाला वीज रात्री मिळत असेल, तर अंधारात गाळणी उघडून धुणे हे माहीत असूनही टळते. पहिल्या प्रसंगी उपाय प्रशिक्षणाचा, दुसऱ्या प्रसंगी विजेच्या वेळापत्रकाचा आहे. या दोहोंतील फरक पुराव्यानिशी दाखविणे हेच डॉक्टर पदवीच्या संशोधकाचे काम होय.

पहूर व ग्रामीण संशोधक : पहूर हे जामनेर तालुक्यातील वाघूर नदीकाठचे गाव असून पेठ व कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. जळगावहून अजिंठ्याकडे व छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. पाचोरा–जामनेर या ५६ किमी. लांबीच्या अरुंदमापी लोहमार्गावरील ते एक स्थानक होते. या मार्गावरील गाडी २०२० मध्ये बंद झाली व त्यानंतर मार्गाच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. अशा गावात संशोधनाला योग्य अशी कार्यस्थळे भरपूर असतात : जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य केंद्र, सहकारी सोसायटी, बँकेची शाखा, कृषी सेवा केंद्र, कापसाचे जिनिंग, गॅरेज. येथे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपले काम एखाद्या जाणकाराच्या हाताखाली पाहून शिकलेले असते. या शिक्षणाला अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही आणि म्हणून त्याची नोंदही नाही.

शासकीय प्रशिक्षण मात्र गेल्या काही दशकांत येथवर पोहोचले आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या व मोठ्या गावांपर्यंत गेली आणि अनेक शासकीय पदांसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. शिक्षकांसाठी दीक्षा हे संगणकीय व्यासपीठ २०१७ मध्ये, निष्ठा ही प्रशिक्षण-योजना २०१९ मध्ये व शासकीय कर्मचाऱ्यांसाठी कर्मयोगी अभियान २०२० मध्ये सुरू झाले. अशा योजनांत किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हा आकडा सहज उपलब्ध होतो. कर्कपॅट्रिकच्या तिसऱ्या व चौथ्या पातळीवरील माहिती, म्हणजे वर्गातील अध्यापन बदलले काय व मुलांना त्याचा लाभ झाला काय, ही मात्र गावात राहून व कामाच्या ठिकाणी वारंवार जाऊनच मिळवावी लागते. ग्रामीण संशोधकाची खरी अनुकूलता येथे आहे. शहरी संशोधकाला जे प्रश्नावलीतून कळत नाही, ते त्याला रोजच्या सहवासातून कळते.

त्याच्या अडचणीही लहान नाहीत. या संयुक्त नावाचा स्वतंत्र विषय महाराष्ट्रातील विद्यापीठांत सामान्यतः नाही. संशोधकाला शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, संगणकशास्त्र वा कृषिविस्तार यांपैकी एका विषयात नोंदणी करावी लागते व त्या विषयाच्या चौकटीत आपला प्रश्न बसवावा लागतो. शिक्षणशास्त्राला कारखाना परका वाटतो, तर व्यवस्थापनशास्त्राला अध्ययनाचे मानसशास्त्र परके वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच्. डी.चा कालावधी किमान तीन वर्षांचा असून अभ्यासक्रमीय कार्य किमान १२ श्रेयांकांचे आहे. दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी घेता येत नाही. मात्र अंशकालीन संशोधनाला परवानगी आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल व अभ्यासक्रमीय कार्यासाठी गरजेप्रमाणे कार्यमुक्त केले जाईल, अशी हमी त्यात द्यावी लागते. पाच-सहा शिक्षकांच्या शाळेत एक शिक्षक असा मोकळा करणे म्हणजे एक वर्ग रिकामा ठेवणे होय. त्यामुळे कार्यस्थळाचे सर्वांत निकट ज्ञान ज्याला आहे, त्यालाच त्याचा अभ्यास करण्याची सवड सर्वांत कमी, असा विरोधाभास निर्माण होतो.

दुसरी अडचण भाषेची. या शाखेचे वाङ्‌मय इंग्रजीत आहे. ज्यांच्या कामाचा अभ्यास करावयाचा ते मराठी व अहिराणी बोलतात. भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) शिक्षणशास्त्रासह विविध विषयांचे परिभाषा कोश तयार केले, तरी कार्यस्थळाची परिभाषा कोशांपेक्षा कामगारांच्या तोंडी अधिक समृद्ध आहे. ‘हात बसणे’ या मराठी वाक्प्रचारात कौशल्याच्या स्वयंचलनाचे जे वर्णन आहे, ते पारिभाषिक संज्ञेपेक्षा अधिक नेमके आहे. मुलाखत स्थानिक बोलीत, विश्लेषण इंग्रजीत आणि निष्कर्ष पुन्हा मराठीत, अशा प्रवासात अर्थाची हानी होते. ती टाळण्यासाठी मूळ कथने बोलीतच प्रबंधात द्यावीत, हा मार्ग काही संशोधक अनुसरतात.

मूल्यमापन व भवितव्य : पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहत. २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करण्याची पद्धत आली आणि शोधगंगा या भांडारामुळे प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. त्यामुळे पुनरावृत्ती उघडकीस येणे सोपे झाले व चांगल्या कामाची दखल घेणेही शक्य झाले. तथापि प्रबंध उपलब्ध असणे व तो ज्यांच्याविषयी लिहिला त्यांच्यापर्यंत पोहोचणे, या भिन्न गोष्टी आहेत. ज्या शाखेचे मूळ तत्त्वच फलनिष्पत्ती हे आहे, त्या शाखेतील प्रबंधाला हाच निकष लावणे न्याय्य ठरते. दोन बाह्य परीक्षकांचे अभिप्राय व मौखिक परीक्षा यांनी संशोधकाची पात्रता सिद्ध होते. संशोधनाची सार्थकता मात्र गाळणी धुणारा शेतकरी, गाडीला हिरवा कंदील दाखविणारा कर्मचारी व वर्गावर उभा असलेला शिक्षक यांच्या कामात पडणाऱ्या फरकावरून ठरते. खानदेशातील विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रे व रेल्वेची प्रशिक्षण संस्था यांनी आपले अनुभव व नोंदी परस्परांना खुल्या केल्यास या शाखेला येथे स्वतःचा पाया लाभेल आणि पहूरच्या संशोधकाला आपला प्रश्न शोधण्यासाठी गाव सोडण्याची गरज राहणार नाही.